विकिपीडियावर माझंच वाक्य का उडवलं? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात याच पानावर मी लिहिलं होतं की मराठी विकिपीडियाला लिहिते हात कमी पडतात, जमेल त्याने खातं काढावं. मला वाटलं फोटो कसा चढवायचा, पासवर्ड कसा बदलायचा असले प्रश्न येतील. आले ते बहुतेक सगळे भांडणाचे! कुणाचं वाक्य कुणी उडवलं, कुणाला कुणी ब्लॉक केलं, हेच. तर या वेळी तेच घेऊ. पत्रं जरा कापलीत आणि नावं कुणाचीच छापत नाहीये.

ताई नमस्कार. आमच्या गावच्या नदीघाटाबद्दल मी इंग्रजी विकिपीडियावर एक परिच्छेद टाकला. दहा मिनिटांत उडवला. मी परत टाकला, परत उडवला, असं मी चारदा परत टाकलं तर मलाच २४ तास ब्लॉक! उडवणाऱ्याला काही नाही. मी तर खरं तेच लिहीत होतो. हा कुठला न्याय? (एक वाचक, कोल्हापूर जिल्हा)

दादा, आधी त्या पानावरचा 'इतिहास' टॅब उघडा. तिथे प्रत्येक बदल कोणी केला, कधी केला, मिनिटासकट असतं. इंग्रजी विकिपीडियावर २००४ च्या नोव्हेंबरपासून एक नियम आहे, एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं काम उलटवलं की ब्लॉक होऊ शकतो. तुम्ही चारदा परत टाकलं म्हणजे तुमचा परिच्छेद किमान चारदा उडवला गेला होता, मग उडवणारा एकच असता तर तोही त्याच नियमात सापडला असता ना? तो सुटला याचा अर्थ बहुधा उडवणारे किमान दोन वेगळे लोक होते. म्हणजे एका खडूस माणसाशी तुमचं भांडण नव्हतं, किमान दोन अनोळखी माणसांना स्वतंत्रपणे तुमचा मजकूर खटकला होता. हे कळल्यावर राग थोडा उतरतो, असा माझा अनुभव आहे.

आता 'खरं तेच' हा मुद्दा. ब्लॉक करणाऱ्याने तुमचा घाट खरा की खोटा हे बघितलेलंच नाही, ते त्याचं कामच नाही, त्याने फक्त उलटवाउलटवी मोजली. तुम्ही शंभर टक्के बरोबर असाल तरी चौथ्यांदा परत टाकलं की ब्लॉक. खरं-खोटं ठरतं चर्चा पानावर, म्हणजे प्रत्येक लेखाला जोडलेलं वादविवादाचं पान असतं तिथे, आणि तिथे विचारतात एकच, कुठे छापलंय?

तुमचं वाक्य तुम्ही पत्रात दिलंय म्हणून सांगते: 'हा घाट पंचक्रोशीतील सर्वात सुंदर व अतिप्राचीन असून तो पांडवांनी एका रात्रीत बांधला असे मानले जाते.' यात 'सर्वात सुंदर' कोण म्हणतं? 'मानले जाते' म्हणजे कोण मानतं? 'अतिप्राचीन' म्हणजे कुठलं शतक? तुमच्या जिल्ह्याचं गॅझेटियर काढा, त्यात घाटाबद्दल दोन ओळी जरी सापडल्या तरी त्या पान नंबरासकट द्या. पांडवांची कथा पण ठेवता येईल, पण 'गावात अशी कथा सांगतात' म्हणून, आणि कुणीतरी ती कथा छापलेली असेल तरच. एवढं करून चर्चा पानावर शांतपणे लिहा की हा संदर्भ मिळालाय, हे वाक्य असं घालू का, आणि तीन-चार दिवस थांबा. कुणी बोललं नाही तर घाला.

जाता जाता, भांडण चालू असताना प्रचालक, म्हणजे देखरेखीचे जादा अधिकार मिळालेला सदस्य, पान लॉक करतो तेव्हा त्या क्षणी जी आवृत्ती समोर असेल तीच लॉक होते. ती कायम 'चुकीची'च असते! विकिपीडियावाल्यांचा हा जुना विनोद आहे, पान नेहमी चुकीच्या आवृत्तीवरच लॉक होतं. दोन्ही पार्ट्या तेच म्हणतात.

मी शिक्षक आहे. तटस्थ म्हणजे दोन्ही बाजू सारख्या मांडणे, हेच आम्ही मुलांना शिकवतो. मग इंग्रजी विकिपीडियावर आयुर्वेदाच्या लेखात सुरुवातीलाच त्याला छद्मविज्ञान म्हटलंय ते कसं चालतं? दुसरी बाजू कुठाय? (नागपूर)

सर, या एका प्रश्नावर विकिपीडियावर सगळ्यात जास्त डोकी फुटलीत, आणि आयुर्वेदाच्या लेखाचं चर्चा पान बघाल तर थक्क व्हाल, वर्षानुवर्षं तोच मुद्दा नव्या नव्या खात्यांनी येतोय.

विकिपीडियाच्या नियमात तटस्थता म्हणजे फिफ्टी-फिफ्टी नाही. नियम असा की विश्वासार्ह प्रकाशित स्रोतांमध्ये ज्या मताला जेवढं वजन, तेवढीच जागा लेखात. पृथ्वी सपाट आहे म्हणणारे आजही आहेत, पण पृथ्वीच्या लेखात त्यांना अर्धं पान मिळत नाही. वैद्यकीय दाव्यांसाठी तर नियम आणखी कडक. एखाद्या डॉक्टरचा अनुभव, एखादा छोटा अभ्यास चालत नाही, अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा किंवा मोठ्या वैद्यकीय संस्थांची मार्गदर्शिका लागते. 'आमच्या घरात तीन पिढ्या गुण आलाय' हे कितीही मनापासून लिहिलं तरी तिथे त्याला शून्य मार्क.

हे प्रकरण कोर्टातही गेलं होतं. आयुर्वेदिक औषध उत्पादकांच्या एका संघटनेने त्या लेखाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने ती ऐकायला नकार दिला आणि सांगितलं की तुम्ही लेख संपादित करू शकता की. ऐकायला सोपं आहे हे! प्रत्यक्षात गेलात तर 'स्रोत दाखवा'च्या भिंतीवर आपटणार. त्याच्या आधी २०१४ मध्ये पर्यायी उपचारवाल्यांच्या एका ऑनलाइन अर्जाला जिमी वेल्स यांनी, म्हणजे विकिपीडियाच्या सहसंस्थापकांनी, फार कडक शब्दांत उत्तर दिलं होतं, त्याचा मथितार्थ असा की तुमचं काम नावाजलेल्या वैज्ञानिक नियतकालिकांत छापून आणा, मग विकिपीडिया आपोआप तसं लिहील.

आता माझं मत विचाराल तर नियम बरोबर आहे, पण त्यात एक मेख आहे आणि ती कुणी मोठ्याने बोलत नाही. स्रोताचं वजन म्हणजे कुणाच्या स्रोताचं? इंग्रजीत छापलेलं, ऑनलाइन सापडणारं, तेच बहुतेक वेळा जड भरतं. औषध लागू पडतं की नाही या प्रश्नात मला त्याचं काही वाटत नाही, शरीर सगळीकडे सारखंच. पण एखाद्या गावाचा, जातीचा, लोकदैवताचा, शेतकरी आंदोलनाचा लेख असेल तर तिथे मराठीत छापलेलं आणि वाचनालयाच्या कपाटात पडलेलं पुस्तक कुणी स्कॅन करून दाखवेपर्यंत जणू अस्तित्वातच नसतं. नियमात मराठी स्रोत पूर्ण चालतो, ऑफलाइन पुस्तकही चालतं, हे लक्षात ठेवा आणि समोरच्याने 'मला वाचता येत नाही' म्हणून उडवलं तर त्याला हे ठामपणे सांगा. उताऱ्याचा अनुवाद चर्चा पानावर द्या म्हणजे त्याला बोलायला जागा राहत नाही.

वर्गात शिकवायचंच असेल तर मुलांना हा नियम शिकवा सर, दोन बाजूंचा नको.

बेळगाव की बेळगावी, यावरून आमच्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. विकिपीडियावर नावाचा निकाल कोण लावतं? सरकारने नाव बदललं की बदलायला नको का? (बेळगाव)

तुमच्या शहराचा निकाल मी इथे बसून लावणार नाही, सॉरी! कर्नाटक सरकारने २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये बाराएक शहरांची इंग्रजी नावं बदलली त्यात तुमचं आलं, हे आहेच. पण इंग्रजी विकिपीडियाचं धोरण सरकारी राजपत्र बघत नाही, इंग्रजी स्रोतांत सर्रास काय वापरतात ते बघतं. युक्रेनची राजधानी कीव्हचं उदाहरण घ्या. युक्रेन सरकारने २०१८ मध्ये इंग्रजीत नाव रशियन धाटणीने (Kiev) लिहू नका, Kyiv लिहा म्हणून मोहीम काढली, अमेरिकेच्या एपी वृत्तसंस्थेने २०१९ मध्ये बदललं, आणि मग हळूहळू बाकीचे बदलल्यावर विकिपीडियाने २०२० च्या सप्टेंबरमध्ये. तोवर प्रत्येक वेळी प्रस्ताव आला की फेटाळला जायचा.

पोलंडमधलं ग्डान्स्क तर याहून भारी. जर्मन त्याला डान्झिग म्हणतात. त्यावरून इतकी उलटवाउलटवी चालली की २००५ मध्ये चक्क मतदान घेतलं आणि शतकांची वाटणी करून टाकली: १३०८ पूर्वी ग्डान्स्क, मग १४५४ पर्यंत डान्झिग, मग १७९३ पर्यंत परत ग्डान्स्क, १७९३ ते १९४५ डान्झिग, पुढे ग्डान्स्क. भाऊबंदकीत बांध घालतात तसं. दोन्हीकडचे नाराज राहिले, पण रोजची मारामारी थांबली. दह्याच्या लेखाच्या इंग्रजी स्पेलिंगात 'एच' हवा की नको यावर आठ वर्षं वाद चालला होता, तेव्हा तुमचा विषय तर फारच गंभीर म्हणायचा.

मराठी विकिपीडियावर प्रचालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांनी ठरवलं तर काहीही होऊ शकतं, कुणालाही ब्लॉक करू शकतात. तटस्थतेची गॅरंटी कोण देणार? वर तक्रार करायला कुणी आहे की नाही? (एक विद्यार्थी, नांदेड)

गॅरंटी कुणीच देत नाही. हे ऐकायला वाईट वाटेल पण तेच खरं आहे.

प्रचालकाकडे तीन मोठी हत्यारं असतात, पान काढणं, पान लॉक करणं आणि खातं ब्लॉक करणं. लेखात काय लिहायचं यावर त्याला तुझ्यापेक्षा एक कणही जास्त अधिकार नाही. त्याचं मत हे एक मत. मराठी विश्वकोशाचं काम वाईहून चालायचं तेव्हा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते, नोंदीत काय राहणार याचा शेवटचा शब्द संपादक मंडळाचा. विकिपीडियात ती खुर्चीच नाही. इंग्रजीवर निवडून आलेली एक लवाद समिती आहे, पण तीसुद्धा वागणुकीचे निवाडे देते, लेखात कुठलं वाक्य राहावं हे सांगत नाही.

पण हत्यार आणि मत एकाच हातात आलं आणि बघायला कुणी नसलं की काय होतं, ते क्रोएशियन विकिपीडियावर झालं आणि ते तू नीट वाच असं मला वाटतं. २०११ ते २०२० अशी जवळपास दहा वर्षं तिथे कट्टर उजव्या विचारांच्या थोड्या लोकांचा गट बसला होता, त्यात प्रचालकही होते. यासेनोवाच नावाचा दुसऱ्या महायुद्धातला छळ आणि संहाराचा कॅम्प, क्रोएशियातल्या नाझींच्या साथीदार उस्ताशा राजवटीने चालवलेला, जिथे मारलेल्यांपैकी ८३ हजारांवर लोकांची नावानिशी यादी तिथल्या स्मारकाने केलीय, त्याला तिथल्या लेखात 'संकलन आणि श्रम छावणी' म्हटलेलं होतं. श्रम छावणी! एखादा संपादक येऊन दुरुस्ती करायचा, ती उलटवली जायची, त्याने वाद घातला की 'त्रास देतो' म्हणून ब्लॉक, आणि मतदान लागलं की खोटी खाती उभी. शिस्तीचे नियम सगळे होते, फक्त ते एकाच बाजूला लागू व्हायचे. २०१३ मध्ये वृत्तपत्रांनी हे उचललं, क्रोएशियाच्या शिक्षणमंत्र्यांनी मुलांना जाहीर सांगितलं की आपला विकिपीडिया वापरू नका, इंग्रजी वापरा. तरी पुढे सात वर्षं काही हललं नाही! कारण तिथले शहाणे संपादक कंटाळून इंग्रजीवर किंवा शेजारच्या सर्बो-क्रोएशियन विकिपीडियावर निघून गेले होते, आणि राहिलेल्यांचं बहुमत झालं. शेवटी २०२० च्या नोव्हेंबरमध्ये बाहेरच्या विकींवरच्या लोकांनी मिळून त्यातल्या एका प्रमुख प्रचालकावर सगळ्या प्रकल्पांत बंदी घातली आणि २०२१ च्या जूनमध्ये विकिमीडिया फाउंडेशनने, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेने, त्यावर अहवाल काढला.

हे वाचून 'मग फाउंडेशननेच लक्ष घालावं' असं वाटतं ना? त्यालाही दुसरी बाजू आहे. २०१९ मध्ये फाउंडेशनने इंग्रजी विकिपीडियाच्या एका जुन्या प्रचालकावर परस्पर एक वर्षाची बंदी घातली, कारण नीट सांगितलं नाही, तर निषेध म्हणून वीसेक प्रचालकांनी आपले अधिकार परत केले, आणि सप्टेंबरमध्ये लवाद समितीने ती बंदी उठवली. म्हणजे वरून कुणी आलं तर लोकांना नको आणि कुणी आलं नाही तर क्रोएशिया होतो. २०२१ मध्ये चिनी विकिपीडियावर फाउंडेशनने सात जणांना बंदी घातली आणि बारा जणांचे प्रचालक अधिकार काढले, तेव्हा कारण संपादकांच्या सुरक्षेचं होतं.

आता तुझ्या कामाचं. इंग्रजीवर आठशेच्या आसपास प्रचालक आहेत, वेगवेगळ्या देशांचे, त्यामुळे एकाने वाकडं केलं तर दुसरा टपलेला असतोच. मराठीवर ती सोय नाही. म्हणून पहिलं, वाद असेल तर खाजगी व्हॉट्सअ‍ॅपवर नको, चर्चा पानावर किंवा चावडीवर, म्हणजे तिथल्या सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, लिही, म्हणजे रेकॉर्ड राहतं आणि बाहेरच्याला दाखवता येतं. दुसरं, खरंच एकतर्फी ब्लॉक होत असतील तर मेटा-विकी नावाचा सगळ्यांचा समाईक विकी आहे, तिथे स्टुअर्ड म्हणून निवडून आलेले लोक असतात, त्यांच्याकडे इंग्रजीत प्रकरण मांडता येतं. जाताना बदलांच्या लिंका घेऊन जा, भावना घेऊन नको. आणि एक स्पष्ट बोलू का, मनमानीच्या दहा तक्रारींपैकी आठ ठिकाणी मला तरी मनमानी दिसली नाही, दिसला तो एक दमलेला माणूस, जो रात्री नोकरीवरून येऊन कुणीतरी टाकलेल्या क्लासच्या जाहिराती, शिवीगाळ आणि कॉपी-पेस्ट साफ करत बसलाय आणि त्या ओघात तुझंही वाक्य गेलं. सांगकाम्या, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्राम, बॉटला तिथे हाच शब्द आहे, तो काही कामं करतो, सगळी नाही. वर्षभर नीट काम कर आणि तूच कौल लाव ना प्रचालकपदासाठी, वय कुणी विचारत नाही.

माझे सासरे तालुक्यातले नावाजलेले समाजसेवक आहेत. त्यांचं पान मी बनवलं ते 'जाहिरातवजा' म्हणून काढलं. घरच्या माणसापेक्षा जास्त माहिती कुणाला असणार? (बारामती)

म्हणूनच काढलं वहिनी! घरच्याने लिहू नये असाच नियम आहे. खुद्द जिमी वेल्स यांनी २००५ मध्ये स्वतःच्या पानात, लॅरी सँगर हे सहसंस्थापक होते की नाही त्या भागात, हात घातला होता तर बाहेर आल्यावर त्यांचीही शोभा झाली. मामंजींबद्दल वर्तमानपत्रांत, पुस्तकांत आलेली कात्रणं असतील तर ती चर्चा पानावर ठेवा, नातं उघड सांगा, दुसरा कुणीतरी लिहील. कात्रणं नसतील तर पान होणार नाही, त्यात त्यांचा अपमान काही नाही. आणि 'पैसे द्या, पान करून देतो' म्हणणारे फोन येतात त्यांना अजिबात पैसे देऊ नका, ती पानं निघतात आणि पैसे परत मिळत नाहीत.

मला लिहायचंय, पण भीती वाटते. आपल्याकडे संपादकांवर गुन्हे दाखल झाल्याचं वाचलं. खरं नाव कळतं का पोलिसांना? (नाशिक)

भीती अगदीच उगीच आहे असं मी म्हणणार नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबरने विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस दिली आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. मजकूर आक्षेपार्ह वाटला तर रागावायचा हक्क सगळ्यांना आहे, पण माझ्या मते त्याचा रस्ता चर्चा पान आणि चांगल्या इतिहासकाराचं पुस्तक हा आहे, आपल्याकडे या विषयावर पुस्तकांची काही कमी नाही.

दुसरं प्रकरण एएनआय वृत्तसंस्थेचं. स्वतःवरच्या लेखातल्या टीकेवरून त्यांनी २०२४ च्या जुलैमध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटींचा बदनामीचा दावा लावला. न्यायालयाने तीन संपादकांची माहिती द्यायला सांगितली, मग खटल्याबद्दलचं वेगळं पानच काढायला लावलं, ते ऑक्टोबरमध्ये निघालं, आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पान काढण्याचा तो आदेश रद्द केला. म्हणजे माहिती मागितली जाऊ शकते, हे धरून चालायचं.

तुम्ही नवीन आहात, तर सुरुवात जिवंत माणसं, जात, निवडणुका आणि युद्धं सोडून करा. तसंही भारत-पाकिस्तानचे विषय इंग्रजीवर वादग्रस्त गटात आहेत, त्यातल्या काही पानांवर खातं ३० दिवस जुनं आणि ५०० संपादनं झाल्याशिवाय लिहूच देत नाहीत. आपल्या भागातले पक्षी, धरणं, जुने पूल, एसटी डेपो, एवढं लिहायला आहे की दोन वर्षं पुरेल. खातं काढताना खरं नाव, जन्मसाल, गाव असलं काही सदस्यनावात घालू नका, फेसबुकला जे टोपणनाव वापरता तेही नको. खात्याशिवाय लिहिलं तर पूर्वी आयपी पत्ता सगळ्या जगाला दिसायचा, आता त्याऐवजी तात्पुरती खाती आणलीत, तरी स्वतःचं खातं केव्हाही बरं. आणि त्याला ईमेल जोडायला विसरू नका, ईमेल नसेल आणि पासवर्ड गेला तर ते खातं गेल्यातच जमा.